हवा किती

सोमवार ते शुक्रवार मी टायर मोजतो,
विमानांचे. आकडा लिहितो, सही करतो.
सकाळी मेसमध्ये तीच कोरडी अंडी,
ओहायोत तेव्हा रात्र. फोनवर डार्लीन म्हणते,
गटार पुन्हा तुंबलंय.

शनिवारी सुनाबेच्या समुद्रभिंतीपाशी
चिबानासान टाक्या भरून ठेवतात.
कॉम्प्रेसर धडधडतो, वरून जेट जातं;
आम्ही दोघंही वाक्य अर्ध्यावर सोडतो
आणि आवाज विरला की तिथूनच पुढे बोलतो.

एकदा त्यांनी सहज सांगितलं,
वडिलांचं रताळ्याचं शेत
तुमच्या धावपट्टीखाली आहे.
भाडं वेळेवर येतं, म्हणाले,
आणि माझ्या मास्कची काच
थुंकी लावून पुसून दिली.

अठरा मीटरवर विमानं ऐकू येत नाहीत.
माझाच श्वास, भात्यासारखा,
आणि पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याची कटकट.
ते वळतात, तळहातावर दोन बोटं टेकवतात:
हवा किती?
मी काटा बघतो.
इथे खोटं सांगून चालत नाही.

वर आल्यावर, ओल्या सूटांतच,
त्यांनी डब्यातलं रताळं सोललं. आतून गर्द जांभळं.
अर्धं मला दिलं.
कुठल्या मातीतलं, ते मी विचारलं नाही.
गोड होतं.