पुकारा

पट्टेवाल्याने व्हरांड्यात येऊन तीनदा पुकारलं:
सत्यवती वेळीप. सत्यवती वेळीप. सत्यवती वेळीप.
ती त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती,
मांडीवर डबा, उजवं मनगट पदरात,
छताच्या पंख्याकडे बघत.
मी टाइप केलं, साक्षीदार गैरहजर.
साहेबांनी पुढची तारीख दिली, जूनच्या अखेरची.
चार वाजता तिचा भाऊ दारात:
बाय, आमचो नंबर केन्ना?

त्या रात्री मी जेवले नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल.
जेवले. बांगड्याचं हुमण होतं.
काटे काढताना बोटं तेवढी थांबली.

दुसऱ्या दिवशी फाइल पहिल्यांदा नीट वाचली.
काजूची भट्टी, मोरपिर्ल्याच्या वाटेवर. एका हंगामाची मजुरी.
ती तिने मागितली उजव्या हाताने,
कारण जे काही मागायचं ते ती उजव्या हातानेच मागते,
आणि ठेकेदाराने तोच हात धरून
भाणाच्या काठावर आपटला.
डॉक्टरने लिहिलं: मनगटाचं हाड, दोन ठिकाणी.
हवालदाराने लिहिलं: मुकी असल्याने जबाब देऊ शकली नाही.
प्लास्टर गळ्यात बांधलेलं. सहा आठवडे.

त्याआधी ती मुकी नव्हती.

हाडाला कायद्यात कलम आहे.
ज्याची जीभच मनगटात असते
त्याला कुठलं, ते मी साहेबांच्या कपाटात शोधलं.
धूळ निघाली.

जूनमध्ये पणजीहून जसिंता फुर्तादो आली,
कर्णबधिरांच्या शाळेतली, पहिल्या कदंबाने.
(तिच्या भत्त्याचा कागद अजून मडगावात फिरतोय.)
पाच मिनिटांत हात खाली ठेवून म्हणाली,
सर, ही भाषा मला येत नाही. ही हिच्या वाड्यावरची.
मला वेळ द्या.
वकील हसले.
साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि दिला.

दोघी फणसाखाली बसल्या.
खिडकीतून मला दिसत होतं:
मूठ, आणि मुठीखाली लोंबणारं वाकडं बोट, म्हणजे काजू.
फुगलेले गाल, म्हणजे भट्टी.
छातीवर डावीकडे दोनदा थोपटणं,
म्हणजे तो.

साक्ष दुपारी झाली.
हातांचं कोंकणीत, कोंकणीचं इंग्रजीत,
इंग्रजीचं माझ्या बोटांत.
तिचं मनगट आता पुरतं वळत नाही,
काही शब्द अर्धेच येतात.
साक्षीदार तोतरी आहे, वकील म्हणाले.
तोतरी केली, जसिंता म्हणाली.
हे नोंदीवर घेऊ नये, वकील म्हणाले.

मारणाऱ्याचं नाव?
तिने छाती थोपटली, दोनदा.
हे काय नाव झालं?
पुन्हा थोपटली.
आणि पिंजऱ्यातल्या माणसाने, कंटाळून असेल,
किंवा पाकीट आहे ना ते बघायला, सवयीने,
खिसा थोपटला. दोनदा.

कोणी बोललं नाही. पंखा फिरत होता.
बाहेर पावसात एक रिक्षा चालू होत नव्हती.
साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, हे घ्या.
कसं घ्यायचं ते सांगितलं नाही.
मी घेतलं. एकच वाक्य, तीन चुकांसकट.

निकाल अजून नाही.
आरोपीची पाठ दुखते, दाखला जोडलाय.
पण पट्टेवाला आता तिच्यासाठी ओरडत नाही,
चालत जातो, समोर उभा राहतो, हात हलवतो,
आणि ती डबा उचलून उठते.
गेल्या तारखेला उठताना माझ्याकडे बघून तिने काहीतरी केलं.
जसिंता म्हणाली, तुला नाव ठेवलंय:
दहा बोटं,
शेताच्या बांधावर
आडव्या पळणाऱ्या कुर्ल्या.