पदरचे दोन मैल

पडदा म्हणतो, एकोणीस पूर्णांक दोन.
पेन्सिल म्हणते, सतरा पूर्णांक सहा.
मध्ये मी, को-ऑपच्या पंपावर,
नोझलला चिकटत चाललेला हातमोजा सोडवत.

दोनशे तेरा मैल. बारा पूर्णांक एक गॅलन.
हातचा एक धरून भागाकार,
पुन्हा एकदा, कारण बोटं गारठली की हातचा सुटतो.
व्हर्लिन हसतो : "आर्डिस, गाडीत कॉम्प्युटर आहे."
असेल.
उचलली जीभ लावली टाळ्याला
असं करायला जीभ असावी लागते,
हा पडदा जिभेवाचूनच करतो.

मी टपाल वाटते. साउथ डकोटा, रूट तीन,
एकशे चार मैल, एकशे अठरा पेट्या,
पिकअप माझी, तेल माझं,
मैलामागे पैसे देणारं सरकार पडद्यावरचा आकडा विचारत नाही.
म्हणून ही वही.

नोव्हेंबरात साधं, दहा टक्क्यांचं,
जे सगळे भरतात आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही.
डिसेंबरात पिवळ्या हँडलचं, मक्याचं.
आमच्याच काउंटीतला मका, दिराच्या शेतातलाही असेल,
आणि गाडी तो दिरासारखीच पिते, घटाघटा :
तेरा पूर्णांक एक.
(नोझलवर पंच्याऐंशी टक्के लिहिलंय.
थंडीत सत्तरसुद्धा नसतं, पंपावरचा ड्वेन सांगतो.
म्हणजे पाटीपण तसलीच.)
जानेवारीत मका नसलेलं, महागडं,
जे लोक बोटीत आणि गवत कापायच्या यंत्रात घालतात.
अठरा पूर्णांक सहा. गाडी कुरकुरली नाही,
पाकीट कुरकुरलं.

मग किमतीने भागलं.
साधं आणि मक्याचं : मैलामागे फरक
सेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.
चार महिन्यांची पेन्सिल,
आणि हाती महिन्याला एक कॉफी. तीही लहान.

पण एक गोष्ट कळली.
तेल कुठलंही घाला, वारा कुठूनही येवो,
पडदा दर वेळी दीड-दोन मैल
पदरचे घालून सांगतो.
कमी कधीच नाही. एकदाही नाही.

पेटी एकसष्ट, आयव्हा क्रेचीची.
टूसॉनहून मुलाचं पत्र यायचंय.
मी काच खाली करते, म्हणते, "उद्या."
सप्टेंबरपासून म्हणते आहे.
फेब्रुवारीच्या त्या मंगळवारी, वहीच्या तोऱ्यात,
मी खरं बोलले : "आज नाही. उद्याचंही माहीत नाही."
ती म्हणाली, "ते मला ठाऊक होतं गं.
तू तुझं 'उद्या' म्हणत जा."
आणि पेटीचं झाकण लावून घेतलं, माझ्या हातून नाही, स्वतः.

पुढे तेलाचा दिवा लागला.
पडद्यावर : अजून अडतीस मैल.
वहीप्रमाणे चौतीस.
गाव छत्तीसवर.
मध्ये श्मिटचा पंप होता, तीन मैल आडवाटेला.
मी वळले नाही.
त्या संध्याकाळी मलाही कोणीतरी
गोड बोलावं असं वाटत होतं.
हीटर बंद केला, पंचेचाळीसच्या वर गेले नाही,
धान्याच्या ट्रकमागे वाऱ्याच्या आडोशाला राहिले,
आणि धान्याच्या कोठारांचे दिवे दिसायला लागले तेव्हा
इंजिन एकदा खोकलं.
पडदा तेव्हाही म्हणत होता, दोन.

कॅन घेऊन निघाले.
बर्फ पायाखाली बिस्किटासारखं मोडत होतं.
ड्वेनने कोणतं तेल विचारलं,
मी म्हटलं, जे जवळ असेल ते.

घरी येऊन वही उघडली.
मैलांच्या रकान्यात चौतीस.
खाली, व्हर्लिन वाचेल म्हणून जरा ठळक :
दोन मैल, पायी.
खर्चाचा रकाना कोरा सोडला.
सकाळी आयव्हाच्या पेटीशी काच खाली करायची आहे.