लेन्स जोडलेली नाही

कॅमेरा म्हणतो : लेन्स जोडलेली नाही.
दर वेळी बटण दाबून त्याची समजूत काढावी लागते,
असू दे रे, मला दिसतंय.

दीड किलोची नळी, हाइनोमामाची.
त्याचा अंगठा जिथे बसायचा
तिथला काळा रंग झिजून धातू उघडा पडलाय.
पुढच्या काचेमागे बुरशीचं कोळिष्टक.
हापसालूच्या घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून पाहिलं, म्हणाला,
निघेल, पण काचेवरचा लेपही जाईल.
राहू दिली.

मधली कडी टपालानं आली, पंधरा युरोला.
एकीकडे जुने आटे, दुसरीकडे नवी खाच.
बसते. जरा डगडगते.

एप्रिल. बर्फ खाडीच्या मध्यापर्यंत मागे सरलंय
आणि हंस उतरलेत, सहाशे तरी असतील.
त्यांचा गलका असा, की कुणी
रिकाम्या बाटल्यांच्या तोंडांत फुंकर मारत बसलंय.
मी बोरूच्या बेटात, तिपाईवर, पायांत दोन दोन मोजे.

हिच्यात मोटर नाही. बोटांनीच ठरवायचं :
कडं फिरवायचं, थोडं पुढे जायचं, चुकून परत यायचं,
चिमटीत मीठ घेताना जातो-येतो तसं.
जे नेमकं झालं त्याच्या कडेनं कॅमेरा लाल रेघ ओढतो.
शाळेत लाल म्हणजे चूक होती.
अजून दचकते.

मामाच्या वेळी हा किनारा म्हणजे सरहद्द.
संध्याकाळी वाळूवरून दाताळं फिरायचं,
सकाळी शिपाई पावलं शोधायचे.
समुद्राकडे कॅमेरा धरायला मनाई.
आणि या नळीला तेव्हा बंदुकीसारखा दस्ता होता,
खांद्याला टेकवायचा, चाप ओढायचा.
कारखान्यातल्या कुणाला तरी ही कल्पना फार आवडली असावी.

चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर. पहाऱ्यावरच्या एका पोरानं
दस्ता काढून घेतला. नळी परत दिली.
पावतीही दिली, शिक्क्यासकट.
ती अजून खोक्यात आहे.

बुटांची चार खोकी भरून निगेटिव्ह :
हंस, हंस, एक ससाणा, हंस.
सगळ्यांची पोटं. आवळलेले पाय.
कुठेही पाणी नाही.
सोळाव्या वर्षी मी त्याला शहाणपणानं म्हटलं होतं,
मामा, तुला चौकट धरता येत नाही.
तो म्हणाला, बटाटे शिजले का बघ.

त्याच्या मागून कितीतरी वर्षांनी,
विर्त्सूच्या धक्क्यावर फेरीची तिकिटं फाडता फाडता,
ढगांशिवाय काहीच नसलेल्या एका दुपारी
मला ते कळलं :
आकाशाला मनाई नव्हती.

भर उजेडात ही जुनी काच चुकते.
पांढऱ्या पिसांना जांभळी किनार सोडते.
संगणकात एक दांडी सरकवली की ती पुसता येते.
शेजारचा राउल म्हणतो, पूस, स्वच्छ दिसेल.
त्याची लेन्स स्वतःच डोळा शोधते, पक्ष्याचा,
आणि सेकंदाला वीस फोटो काढते.
माझा एक निघेपर्यंत त्याचा हंस उडून,
उतरून, शेपूट झटकून मोकळा झालेला असतो.
चांगला मुलगा आहे. कॉफी आणतो.

आज एक हंस धावत उठला, पाण्यावर पावलं आपटत.
सवयीनं नळी वर चालली होती.
मी ती खाली आणली.
हंस, त्याच्याखाली पाणी,
पाण्यापलीकडे बर्फ, आणि बर्फाच्याही पलीकडे
ती.
कुणी ओरडलं नाही.
कुत्रा घेऊन चाललेली एक बाई 'तेरे' म्हणाली,
मीही 'तेरे' म्हटलं, आणि हात कापला तो थंडीनं.

घरी फोटो उघडला. हंस किंचित हललाय.
पंखांना जांभळी किनार, आणि मागे,
थोडा तिरका, अख्खा किनारा.
खाली माहितीचा रकाना :
तारीख, वेळ, शटर हजारांश सेकंद.
छिद्र शून्य. अंतर शून्य.
आणि 'लेन्स' या शब्दापुढे
नुसती एक आडवी रेघ.