एक्केचाळीस

होमस्टेडचे भेंडीचे मळे संपले
की उद्यानाच्या फाटकापासून अडतीस मैल,
दोन्हीकडे करवतीच्या दातांचं गवत,
आणि जमीन जिथे हात टेकते तिथे फ्लमिंगो:
एक धक्का, एक पेट्रोलपंप,
आणि डास किती ते सांगणारा लाकडी काटा.
आज काटा 'असह्य'च्या जरा अलीकडे.

गाडी लावली की आधी ताडपत्री बांधायची.
इथली गिधाडं वायपरचं रबर खातात.
का, ते कुणालाच नीट माहीत नाही.
ओडालीस म्हणते, रोज मेलेलं खाऊन
तोंडाला चव राहिली नसेल बिचाऱ्यांच्या.

ती होडी हाकते. मी पाणी मोजते.
अकरा वर्षं.

तांबडे कांदळ कासोटा मारून
चिखलात उतरलेले, खेकडे वेचायला निघाल्यासारखे.
त्यांच्यामागे तिवरांची श्वासमुळं, बोटाएवढी,
खालून कुणीतरी काहीतरी मोजत असावं अशी.
मागल्या खेपेच्या वादळात मेलेली झाडं
अजून उभीच आहेत, हाडांसारखी पांढरी.
पडायलाही सवड लागते.

उथळात गुलाबी चमचे चिखल घुसळतात,
डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे,
लोण्याची घाई नाही.
पाणी कमरेइतकंही नाही.
तळाच्या गवतावर आधी सावली सरकते,
शार्कचं पिल्लू मागाहून.

नळी सोडली. आकडा हलत राहिला,
मग बसला: एक्केचाळीस.
समुद्र पस्तिशीत थांबतो.
वरून यायचं गोडं पाणी
कालव्यांनी वाटेतच वळवलं,
उरलेलं ऊन पिऊन गेलं.
माझा आकडा कुणी खोटा म्हणत नाही.
खरा म्हणून तरी काय होतं.

परतलो तेव्हा धक्क्यावर मगर आ वासून पडलेली.
ओडालीसकडे मगरीला दोन शब्द,
एक खाऱ्या पाण्यातलीचा, एक गोड्या.
मला एकच येतो, आणि इथे तर
दोघी एकाच डबक्याच्या काठी असतात.

नळी धुवायला नळ सोडला
आणि पाण्यातून नाक वर आलं.
केसाळ, ओलं, पायपुसण्यासारखं.
मग सगळी मॅनाटी, जेमतेम,
पाठीवर सात पांढरे वण, सारख्या अंतरावर,
होडीच्या पंख्याने मोजून दिलेले.
तिने तोंड धारेखाली धरलं.

पाटी माझ्या खांद्याशीच होती:
पाणी पाजू नये. दंड.
कारण बरोबर आहे. पाण्याला सोकावली
की होड्यांपाशी रेंगाळते, आणि पुन्हा पंखा.
ते सात वण असल्याच कुणा भल्या माणसाचे.
पण आमच्याकडे दाराशी आलेल्याला
नाव नंतर विचारतात.

मी नळ बंद केला.
ती हलली नाही.
वायसर झिजलेला. थेंब आला,
थांबला, फुगला, तिच्या ओठावर पडला.
मग दुसरा.

ओडालीस दोर गुंडाळत होती,
जरा जास्तच वेळ.
तिच्या पेटीत पाना असतो. मला माहीत आहे.
मी मागितला नाही.

नोंदवहीत तारीख, वेळ, वारा, एक्केचाळीस.
नळासाठी रकाना नव्हता.