छत्तीस पानं

केतकीची यादी आली आहे नैरोबीहून.
आठ ठिकाणं, आठ दिवस,
आणि तळाशी घाईच्या अक्षरात:
बाबा, गुडघ्याचा पट्टा विसरू नका.

यादी फ्रिजवर चिकटवलीय,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.
जाता-येता वाचतो. पाठ होत आली.

एक, जिराफ.
लांगाटा म्हणून भाग आहे, तिथे माचीवर उभं राहायचं,
तळहातावर खाऊ धरायचा,
मग तो डोळ्यांत डोळे घालून येतो
आणि हातभर काळपट जिभेने
सगळं अलगद उचलून नेतो.
मी रामकुंडावरच्या गायीला पेंढी टाकून
शेपटीकडून नमस्कार करणारा माणूस.

दोन, सिंह.
मोकळा, गवतात लोळणारा,
आणि त्याच्या पाठीमागे काचेच्या इमारतींची रांग.
फोटो कट्ट्यावर दाखवला तर कुलथे म्हणाला,
त्यात काय, आपल्या जयभवानी रोडला बिबट्या येतो,
तिकीट नाही, गाईड नाही,
वनखातं येईपर्यंत कुणाच्या तरी स्विफ्टखाली बसून असतो.

तीन, उंच गोल इमारत. गच्चीवरून अख्खं शहर दिसतं.
अख्खं शहर मी एकदाच पाहिलंय,
लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, पांडवलेणीवरून.
ही म्हणाली होती, एवढंच?
तेव्हा एवढंच होतं.

चार, रेल्वेचं म्युझियम.
तिथे एक डबा जपून ठेवलाय,
ज्यातून सिंहाने साहेबाला उचलून नेलं.
लोक रांग लावून डबा बघतात.
यावर मी थोडा वेळ विचार केला,
मग चहा ठेवला.

पाच, सहा, सात बाजार आहेत.
बाजार गाळतो. आईची खोड पोरीत उतरलीय.
आठ, जंगलातला धबधबा.
सोमेश्वरसारखी गरम भजी मिळतात का, विचारलं.
म्हणाली, चपाती मिळते,
आणि चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, बाबा.
गाडीला गारी. चहाला चाय.
म्हणजे उपाशी राहणार नाही,
हरवलो तरी अर्धा पोचेन.

आता खरं सांगतो.
एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला,
पासपोर्टच्या शिलाईवर.
गेटवर रोज झडती,
रिकाम्या खिशाने आत, रिकाम्या खिशाने बाहेर.
मधल्या वेळात हाताखालून
किती लोकांचं परदेश गेलं, मोजदाद नाही.
कुणी दुबईला, कुणी कुठे,
आणि मी लांबात लांब मनमाड.
प्रवासाचा नि माझा छत्तीसचा आकडा,
पानंही नेमकी छत्तीसच.

माझा स्वतःचा आला तो रिटायर झाल्यावर, पोस्टाने.
पोस्टमन सही मागत उभा,
आणि मी फोटोच्या आधी
अंगठ्याने पाठीवरचा दोरा दाबून बघतोय.
टाका घट्ट होता.
नव्या पोरांनी काम बरं चालवलंय.

पण इतक्या वर्षांत मी पाहिली
ती फक्त कोरी पानं.
पुढे त्यांचं काय होतं,
ते कुणी परत येऊन दाखवलं नाही.

तर केतकी, यादीत सगळ्यात वर
एक ठिकाण माझ्याकडून लिही:
विमानतळावरची ती काचेची खिडकी.
आत एक माणूस असेल, रात्रपाळीने पेंगुळलेला,
घरी पोरं झोपलेली असतील त्याची.
तो पान शोधेल, न बघताच,
आणि हाणेल शिक्का.
मी तिथे जरा रेंगाळणार आहे.
मागची रांग चिडली तर चिडू दे,
सिंह काही पळून जात नाही.

त्याला फक्त एवढंच सांगायचंय,
की शाई वाळेपर्यंत
पान मिटू नको, बाबा,
समोरच्या पानावर उमटते.

हे स्वाहिलीत कसं म्हणतात,
तेवढं कळव.
पट्टा घेतलाय. एक्सएल.