डाव्या बाजूची आई

चाळीस वर्षं नवऱ्याच्या पाठीमागे बसून
मी काशाच्या पट्ट्या वाजवल्या.
पडद्यापुढचं त्याचं तोंड मला कधी दिसलं नाही,
मान दिसायची, मानेवरचा घाम,
आणि मान कलली की कळायचं
आता कुणीतरी मरणार.

आता त्याचे हात थरथरतात.
दिव्यापुढे लार्सिह बसते, आमची धाकटी,
केसांना क्लिप, मांडीशी उपडा मोबाइल,
बापाची लाकडी हातोडी पायाच्या बोटांत.

गेल्या आठवड्यात रुक्मियातुन आली,
भाजीची गाडी दारातच लावून.
तिचा थोरला तेगलच्या बंदरातून बोटीवर गेला होता,
परक्या कंपनीच्या, माशांच्या मागे.
अकरा महिन्यांनी एक पाकीट आलं.
पाकिटात पगार,
पगारातून कापलेली गमबुटांची किंमत.
म्हणाली, त्या रात्रीचा खेळ लावा.
नवरा म्हणाला, युद्धाचा खेळ दारात लावू नये,
लावतात त्या घरी मरण येतं.
ती म्हणाली, येऊन गेलंय.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ.
पाच भावांतला दांडगा, वनात लपलेला असताना
एका राक्षसिणीच्या प्रेमात पडला,
पण पोर होईपर्यंतच, असा करार.
पोर झालं. भाऊ निघून गेले.
पुढे राज्य आलं, राण्या आल्या, यज्ञ झाले,
रानात कुणी चिमूटभर मीठ पाठवलं नाही.
मग चौदाव्या रात्री, युद्ध अंगाशी आल्यावर,
त्यांना पोराचा पत्ता आठवला.

शत्रूकडे एक अस्त्र होतं, एकदाच चालणारं,
लाडक्या भावासाठी राखून ठेवलेलं.
कुणाच्या तरी छातीवर ते खर्ची पडायला हवं होतं.
पोर आभाळातून कोसळलं तेव्हा
त्यांच्याच रथावरचा एकजण हसला.
आमच्या खेळात आई यानंतर चितेवर चढते:
चार ओळी, एक आलाप, मग चहा.

ती बाहुली पेटीतून क्वचितच निघते.
म्हशीचं कातडं, टाचेपाशी उंदरांनी कुरतडलेलं.
राक्षसांची म्हणून डावीकडे,
केळीच्या खुंटात टोचलेली.
लार्सिहने तिला उपसलं
आणि चितेकडे नेलंच नाही.
हसणाऱ्याच्या पुढ्यात उभं केलं, नाकासमोर,
आणि आपल्या साध्या, बाजारात भाव विचारायच्या आवाजात विचारलं,
हिशेब कुणी केला?
किती वेळ लागला करायला?

हे बापाने शिकवलेलं वाक्य नव्हतं.
खुर्चीत त्याची मान ताठ झाली.
ढोलवाला सुकिर्मान माझ्याकडे बघत राहिला,
कारण इथे खूण नाही,
इथे वाजवायचं की थांबायचं
हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही.

बाहुलीला पापण्या नसतात.
कारागिराने ओठ कोरले तेव्हाच ते हसू कायमचं झालं.
लार्सिहने त्याचा हात उचलला,
उत्तर द्यायला उचलतात तसा, अर्ध्यावर,
आणि तो हात तिथेच राहिला.

मी मनगटं पट्ट्यांवर टेकवली.
घुमणारा सूर विझला.
दिव्यावर किडे आपटत होते,
कुणीतरी भुईमुगाची शेंग फोडली, आणि ओशाळलं.
रुक्मियातुन पलीकडे बसलेली, सावल्यांच्या बाजूला,
तिथून रंग दिसत नाहीत, सोनं दिसत नाही,
फक्त कातड्याच्या भोकांतून येणारा उजेड.

मशिदीतून बांग झाली तेव्हाही हात वरच होता.
पहाटे तिने सुटे पैसे मोजून दिले,
कोथिंबिरीच्या वासाचे.
विचारलं, शेवटी तो हलला का जरा?
मला तिकडून वाटलं, हलला.
लार्सिह म्हणाली, माझंच मनगट दुखत होतं, काकी.

पेटी भरताना ती अडली.
हिला कुठे ठेवू, डावीकडे की उजवीकडे?
नवऱ्याने रात्रभरात पहिल्यांदा तोंड उघडलं:
बाहेरच राहू दे.
टाच सांधायची आहे.