चारशे एकतीस, चारशे एक

गल्लीत कुणी काही मागवायचं ठरवलं
की मोबाइल आधी माझ्याकडं येतो.
"काका, बघा बरं, कुठला हाय ह्यो?"
मी चष्मा पुसतो. फोटो बघत नाही,
चांदण्या साडेचार का पावणेपाच, बघत नाही.
पार खाली, बारीक अक्षरात
विकणाऱ्याचा पत्ता टाकलेला असतो,
तिथवर बोट सरकवत जातो.

सव्वीस वर्षं रेल्वेच्या डाकडब्यात काढली.
पूर्णा सुटली की पिवळ्या दिव्याखाली
लाकडी खण, थैल्या,
आणि मुठीत गावंच्या गावं.
नावं फसवायची. पिंपळगाव किती, रामपूर किती.
आकडा फसवायचा नाही.
तीनशे पंचाण्णव, सुरत.
सहाशे एकेचाळीस, तिरुपूर, कोऱ्या बनियनचा वास.
दोनशे चव्वेचाळीस मुरादाबाद: थैली उचलतानाच
आत पितळ खणखणायचं.

शकेराबीनं पिकोच्या मशीनची मोटार बघितली.
वर लिहिलेलं, 'पुणे. परवा घरपोच.'
खाली एकशे दहा.
"बी, पुण्याची न्हाई ही, दिल्लीची.
बिघडली तर परत धाडायचं भाडं
मोटारीच्या निम्मं."
तिनं स्टेशन रोडवरून घेतली, उधारीवर.
डोंगऱ्याच्या पोरानं मात्र ऐकलं नाही.
'अस्सल कोल्हापुरी', पत्ता आग्र्याचा.
आठ दिवसांत तळवा
जिभेसारखा बाहेर आला.

मागच्या महिन्यात सून म्हणाली,
बाळाला गोधडी घ्यायचीय, बघता का?
बर्फ. लाकडी घर. खिडकीत मेणबत्ती.
पुढं तुकडे जोडलेली गोधडी.
दुकानाचं नाव 'जर्मन होम'.
किंमत वाचून मी नुसतं हं केलं
आणि बोट सरकवलं.

चार. तीन. एक.
चार. शून्य. एक.

परत वाचलं. चष्मा काढून वाचलं.
वांगी रोड, पाण्याच्या टाकीमागं, परभणी.

सायकल काढली.
टाकीमागं गल्ल्या तीन, तिसरीत
पत्र्याची खोली, दाराशी खोक्यांची चळत,
आत तीन बाया आणि एक पोरगी,
दातानं दोरा तोडत बसलेली.
सुमेधा खिल्लारे. असेल तेविसाची.
मागं भिंतीला चिकटवलेला बर्फ,
त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता.

"जर्मनी कुठंय?" मी विचारलं.
आधी घाबरली. तिला वाटलं, मी जीएसटीचा.
मग म्हणाली, "काका, वर्षभर 'परभणी' लिहिलं.
सात गेल्या. त्यातल्या दोन मावशीनंच घेतल्या.
आता महिन्याला चाळीस जायलेत.
आपल्याकडं म्हणतेतच की,
जगात जर्मनी..."
"भारतात परभणी," मी म्हणलं.
राहवलंच नाही.
एक बाई सुई हातात धरून खो खो हसत सुटली.

"मग खाली पत्ता का खरा टाकला?"
"तो टाकावाच लागतो.
तिथं कोण बघायलंय."

मी काही बोललो नाही.
गोधडी उलटी करून पाहिली.
टाका बारीक, सरळ, गाठ कुठं दिसेना.
एका तुकड्याला कुणाच्या तरी लुगड्याचा
जांभळा काठ, धुऊन धुऊन विटलेला.
पैसे पुढं केले, तर घेईना.
"मोबाइलवरून मागवा, काका.
चांदण्या द्या, तेवढंच पुढं सरकू."

मागवली.
सायकलनं पाव तासावरची गोधडी
पहिल्या दिवशी नांदेडला दिसली,
दुसऱ्या दिवशी भिवंडीला, तिथं मुक्काम,
पाचव्या दिवशी दारात पोरगा, घामाघूम.
सून म्हणाली, "लांबून आली हो."
खोक्यावरची चिठ्ठी मी वाचत होतो.
पाठवणार: चारशे एकतीस, चारशे एक.
घेणार: चारशे एकतीस, चारशे एक.

एकाच खणातली डाक.
मी असतो डब्यात
तर थैलीत घातलीच नसती.